शंभर सेकंदांची विनोदी थ्रीडी फिल्म एकट्याने करायची आहे, कुठून धरू?

निमूट

नमस्कार मंडळी,

ब्लेंडर (थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअर) बरेच दिवस हौसेखातर वापरतोय. खुर्च्या झाल्या, टेबलं झाली, दिवे झाले. आता काहीतरी हलणारं करायचंय, आणि जमलं तर हसवणारं. कल्पना अशी आहे:

एका ऑफिसचं सरकतं काचेचं दार. वर सेन्सरचा बारीक लाल डोळा. एक बुटका मिशीवाला गृहस्थ बॅग घेऊन घाईघाईत येतो. दार उघडत नाही. तो हात हलवतो, उड्या मारतो, मागे जाऊन पुन्हा येतो. दार ढिम्म. तेवढ्यात वाऱ्यावर एक वाळकं पान येतं, आणि दार अदबीने उघडतं. पान आत गेलं की बंद. मग एक मांजर येतं, त्याच्यासाठीही उघडतं. माणूस बाहेरच. शेवट अजून सुचलेला नाही.

संवाद नाहीत. लांबी शंभरेक सेकंद. लॅपटॉप साधा, ग्राफिक्स कार्ड यथातथा. वेळ म्हणजे रात्रीचा तासभर.

माझा क्रम: आधी माणूस आणि मांजर मॉडेल करायचं, मग रिग (पात्र हलवायचा सांगाडा), मग दार आणि इमारत, मग स्टोरीबोर्ड, मग अ‍ॅनिमेशन. जाणकारांनी चुकत असेल तिथे कान पकडावा.

जुनाखोडरबर

कल्पना आवडली. क्रम उलटा आहे.

आधी मांजर कराल, त्याच्या मिशांवर आठवडे घालवाल, आणि फिल्म लावून बघितल्यावर कळेल की मांजर आल्यावर विनोद सैल पडतो. मग मांजर काढवणार नाही, कारण मेहनत घेतलेली असते. म्हणून ज्यावर जीव जडेल असं काहीही करायच्या आधी गंमत जमतेय का ते बघून घ्या.

कागदावर चौकोन पाडा, काड्यांची माणसं काढा. त्यांचे मोबाइलवर फोटो काढून ब्लेंडरच्याच व्हिडिओ सिक्वेन्सरमध्ये एकापुढे एक लावा, प्रत्येकाची लांबी ठरवा, तोंडाने काढलेले आवाज खाली टाका. हेच अ‍ॅनिमॅटिक. कागद नको असेल तर ग्रीस पेन्सिलने (ब्लेंडरमधल्या चित्र काढायच्या साधनाने) तिथेच काढा. मग कोणाला तरी, काही न सांगता, दाखवा. बघणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं, पडद्याकडे नाही. काड्यांच्या माणसाला कोणी हसलं नाही तर केसन्‌केस कोरलेल्या माणसालाही हसणार नाही.

उंटावरचा

स्टोरीबोर्ड-बिर्ड जुन्या काळच्या गोष्टी हो. २०२४ च्या 'फ्लो'चे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी स्टोरीबोर्ड केलेच नाहीत. ब्लेंडरमध्ये केलेली फिल्म, २०२५ ला सर्वोत्तम अ‍ॅनिमेटेड चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेली. हलके घ्या.

वक्ररेषा

स्टोरीबोर्ड नव्हते हे खरं, पण अ‍ॅनिमॅटिक होतं. थेट थ्रीडीत साधी पात्रं ठेवून, कॅमेरा फिरवत फिरवत त्यांनी शॉट शोधले. म्हणजे जुनाखोडरबर म्हणताहेत तेच काम, कागद वगळून.

निमूट, तुम्हालाही ते सोयीचं पडेल. माणूस म्हणजे एक कॅप्सूल, त्याला नाकाच्या जागी एक शंकू, म्हणजे तोंड कुठे आहे ते कळेल. दार म्हणजे दोन पातळ ठोकळे. पान म्हणजे एक चौकोन. तासाभरात सगळा सेट उभा राहतो. आणि तुमच्या गोष्टीत दार हेच खरं दुसरं पात्र आहे, त्याला फक्त डावी-उजवीकडे सरकता येतं. ते ठोकळ्यातही पूर्ण अभिनय करू शकतं, पुढे काचेचं झालं तरी त्यात फार भर पडणार नाही.

निमूट

दाराचा अभिनय म्हणजे नक्की काय करायचं? उघडणं आणि बंद होणं, एवढंच तर आहे त्याच्याकडे.

वक्ररेषा

तेवढंच आहे म्हणून तर मजा. २४ फ्रेम प्रति सेकंद धरून चालू.

पानासाठी उघडताना: सुरुवात हळू, शेवट हळू, एकूण २० फ्रेम. हे झालं अदबीचं उघडणं. पान गेल्यावर तितक्याच सावकाश बंद. आता माणूस पानामागून आत घुसायला धावतो, तेव्हा बंद व्हायला ४ फ्रेम, आणि शेवटी हळू होणं नाही, थेट आपटणं. हालचाल तीच, पण एकात नम्रता आणि दुसऱ्यात खुन्नस दिसते.

तिसरा प्रकार. माणूस हिरमुसून पाठ फिरवतो. दार बोटभर उघडतं, ६ फ्रेम थांबतं, बंद होतं. माणूस गर्रकन वळतो. दार जागच्या जागी. ही बोटभर फट म्हणजे दाराचं डोळा मारणं. चेहरा लागत नाही, फक्त ग्राफ एडिटरमधली एक रेघ लागते.

१९८६ चा पिक्सारचा छोटा चित्रपट 'लक्सो ज्युनियर' काढून बघा. जेमतेम दोन मिनिटं. दोन टेबललॅम्प आणि एक चेंडू. कोणाला डोळे नाहीत की तोंड नाही, कॅमेरा जागचा हलत नाही. तरी बाप कोण आणि पोर कोण हे पहिल्या काही सेकंदांत कळतं.

उंटावरचा

४ फ्रेम, ६ फ्रेम... ताई, एका फ्रेमने असं काय बिघडतं? सेकंदाचा चोविसावा भाग. डोळ्याला कळत तरी असेल का?

जुनाखोडरबर

कळतो. 'रोड रनर' कार्टूनचे दिग्दर्शक चक जोन्स यांचं त्यातला कोयोट कड्यावरून पडण्याचं गणित प्रसिद्ध आहे: खाली दिसेनासा व्हायला १८ फ्रेम, मग १४ फ्रेम काहीच नाही, आणि मग तळाशी धुळीचा फुगा. १३ ला आणि १५ ला हशा येत नाही, १४ लाच येतो, असं त्यांचं म्हणणं. आता प्रत्येकाला नेमका १४ चा आकडा लागू नाही, पण ती मधली रिकामी जागा बघा. हशा पडण्यात नाही, त्या रिकाम्या जागेत पिकतो. प्रेक्षकाला पुढचं कळलेलं असतं आणि ते अजून घडलेलं नसतं.

निमूट, तुमच्या फिल्मभर ही जागा एकच आहे: माणूस दारासमोर उभा राहतो आणि दार उघडायची वाट बघतो. पहिल्यांदा ती साधी ठेवा, सेकंदभर. दुसऱ्यांदा लांबवा. तिसऱ्यांदा इतकी लांबवा की बघणारा अस्वस्थ झाला पाहिजे, आणि तेवढ्यात पान येऊ द्या.

वक्ररेषा

+१, आणि यातच एक खड्डा आहे. ब्लेंडरचा प्लेबॅक मुळात 'प्रत्येक फ्रेम दाखव' या बेतावर असतो. सीन जड झाला की २४ ऐवजी ११–१२ च्या वेगाने चालतो आणि तुम्ही त्याच वेगावर टायमिंग ठरवून बसता. रेंडर (अंतिम चित्रं काढणं) झाल्यावर माणूस उंदरासारखा पळतो. प्लेबॅकच्या मेनूत सिंक 'ऑडिओशी' करा, म्हणजे फ्रेम गाळून का होईना, वेग खरा राहील. किंवा व्ह्यूपोर्ट रेंडर काढून व्हिडिओ बघा. टायमिंगचा कुठलाही निर्णय खऱ्या वेगावर बघितल्याशिवाय घ्यायचा नाही.

कानसेन

उशिरा आलो. आवाजाबद्दल कोणीच काही बोललं नाही, नेहमीप्रमाणे.

संवाद नसलेल्या फिल्ममध्ये आवाज म्हणजे अर्धी पटकथा. तुमच्या दाराला वाचा द्या: उघडताना हवेचा 'फस्स', बंद होताना रबराचा मऊ 'ठप'. अदबीच्या उघडण्याला मंजुळ 'टिंग'. आणि माणसासाठी उघडायची वेळ आली की काहीच नाही. एकदा प्रेक्षकाच्या कानाला 'टिंग-फस्स-ठप' ची सवय लागली की पुढे दार पडद्याबाहेर असलं तरी नुसत्या आवाजावर हसवता येतं. माणसाचा चेहरा जवळून, मागून 'टिंग', 'फस्स'. त्याचे डोळे विस्फारतात. दार दाखवायची गरजच नाही. एक शॉट अ‍ॅनिमेट करायचा वाचला, आणि गंमत वाढली.

हे आवाज अ‍ॅनिमॅटिकमध्येच टाका, शेवटी नको. तोंडाने काढलेले चालतील, जागा मात्र पक्क्या करा. एक फ्रेम म्हणजे जवळपास ४२ मिलिसेकंद. आवाज चित्राच्या किंचित मागे राहिला तर खपतो, पुढे गेला तर लगेच खटकतो, कारण निसर्गात प्रकाश आधी पोचतो आणि आवाज मागून.

शांतता हवी तिथे ट्रॅक रिकामा सोडू नका. पूर्ण शून्य आवाज म्हणजे स्पीकर बंद पडल्यासारखा वाटतो. खोलीचा नुसता घुमारा अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करून सगळ्या फिल्मखाली अंथरा. त्यावरची शांतता ऐकू येते.

आयते आवाज घेणार असाल तर परवाने वाचा. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स. सीसी-झिरो असेल तर बिनधास्त. सीसी-बाय असेल तर श्रेयनामावलीत नाव द्यावंच लागतं. त्यापुढे एनसी असेल तर व्यावसायिक वापर नाही. पुढेमागे फिल्मवर जाहिराती लावायचं मनात असेल तर त्या वाटेला जाऊच नका.

निमूट

धन्यवाद सगळ्यांना. मॉडेलिंग बाजूला ठेवलं. ठोकळ्यांचं अ‍ॅनिमॅटिक केलं, घरात दाखवलं. पानाला हसले. मांजराला नाही. खुन्नसवाल्या ४ फ्रेमना सगळ्यात मोठा हशा.

पण मांजर मला फार आवडतं हो.

जुनाखोडरबर

मांजर काढा. चार पायांची चाल, शेपटी, लवचीक पाठ, वर लव. एका विनोदासाठी, ज्याला कोणी हसलं नाही. चौपायाला दुप्पट नाही, कित्येक पटींनी काम असतं.

वक्ररेषा

किंवा मांजर ठेवा आणि दाखवू नका. दारापुढे गुडघाभर उंचीचा कठडा टाका. कठड्यामागून फक्त शेपटी जाते: ताठ, टोकाला जरासा बाक, डुलत डुलत. 'टिंग-फस्स'. शेपटी आत. 'ठप'. ती शेपटी म्हणजे एक लांबट नळी आणि त्यात पाच-सहा हाडं. चाल नाही, लव नाही. आणि माणसाचं डोकं शेपटीबरोबर डावीकडून उजवीकडे फिरताना बघणं हे पूर्ण मांजर बघण्यापेक्षा जास्त मजेदार.

उंटावरचा

हे आवडलं. उंटावरून उतरून टाळ्या.

निमूट

ताई, शेपटी पक्की! आता माणूस. दोन पायांची चालही मला धड जमत नाही. पाय घसरतात.

वक्ररेषा

मग पायच झाका. घोट्यापर्यंत लांब कोट द्या. खाली फक्त बुटांची टोकं. साधारण चाल म्हणजे पावलाला १२ फ्रेम, घाईची ८. तुमच्या घाईतल्या बुटक्याला ६ द्या. शरीर डावी-उजवीकडे डोलतं, बुटांची टोकं आळीपाळीने पुढे येतात. पाय दिसतच नाहीत तर घसरलेले कोणाला कळणार?

तोंडही नको. भरघोस मिशी द्या, ती तोंड झाकते आणि तोंडाचं कामही करते. टोकं वर म्हणजे आशा, खाली म्हणजे निराशा, एकच वर म्हणजे संशय. तीन 'शेप की' (आधी घडवून ठेवलेले आकार), झालं काम. डोळे मात्र मोठे आणि पापण्या नीट हव्यात. नजर वळताना आधी बुबुळं, दोन-तीन फ्रेमनी डोकं, मग धड. हे तिन्ही एकाच फ्रेमला सुरू केलं की माणूस पुतळा होतो.

आणि रिग स्वतः करायचा हट्ट नसेल तर रिगिफायने (ब्लेंडरबरोबर येणाऱ्या तयार साधनाने) सांगाडा उभा करा, नको ती हाडं उडवा. रिगिंग हा स्वतंत्र छंद आहे, त्यात शिरलेला माणूस फिल्मकडे परत येत नाही.

नवशिकी

धाग्याची वाचनखूण साठवली. थोडं अवांतर: मला संवाद असलेली छोटी फिल्म करायची आहे, मराठीतच. तोंडाच्या हालचाली जुळवायला जी साधनं बघितली ती इंग्रजी उच्चारांवर बेतलेली आहेत. काय करावं?

वक्ररेषा

साधन कशाला? आपली वर्णमालाच तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे, शाळेत पाठ केलेली.

प, ब, भ, म: ओठ पूर्ण मिटले पाहिजेत. फळातला, फुलातला फ पण यातच, तो फिल्ममधला फ असेल तर खालचा ओठ दाताला. व मध्येही दात-ओठ जवळ येतात. उ, ऊ, ओ यांना ओठांचा चंबू. आ ला जबडा खाली. इ, ए ला ओठ ताणलेले. क-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग यांचं काम आत जिभेने होतं, बाहेरून फारसं दिसत नाही, तिथे शेजारच्या स्वराचाच आकार चालू ठेवा. म्हणजे पाच-सहा शेप की मध्ये मराठी बोलून होते.

दोन सूचना. प्रत्येक अक्षराला तोंड हलवू नका, वटवट केल्यासारखं दिसतं. 'मला माहीत नाही' यात दोन्ही म ना ओठ मिटले, मधे आ उघडला की बाकीचं कान भरून काढतो. आणि ओठ मिटण्याची 'की' (त्या फ्रेमला नोंदवलेली स्थिती) आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा. खरं बोलतानाही ओठ आधी तयार होतात.

कानसेन

आणि आवाज आधी रेकॉर्ड करायचा, अ‍ॅनिमेशन मागून. उलटं करून चालत नाही. विनोदी वाक्य असेल तर बोलणाऱ्याला उभं राहून, हातवारे करत बोलू द्या. बसून वाचलेलं कानाला कळतं.

उंटावरचा

ही सगळी उठाठेव करण्यापेक्षा एआयला सांगा ना, 'बुटका माणूस, दार, पान'. चहा होईपर्यंत फिल्म तयार.

जुनाखोडरबर

होईल. पण दार बोटभर उघडून सहाव्या फ्रेमला थांबायला हवं आणि आठव्याला नको, हे मला माझ्या हाताने ठरवायचं असतं. हौसेचा सगळा भाग तोच आहे. तो दुसऱ्याला देऊन मी काय करू? चहा पिऊ?

उंटावरचा

बरोबर आहे. बरं, गंभीर प्रश्न: शेवट काय? माझी सूचना: शेजारीच दुसरं साधं दार असतं, उघडंच. माणूस तिथून जातो.

जुनाखोडरबर

मग दाराची दीड मिनिटाची मेहनत वाया. ज्याच्याशी भांडण लावलं, शेवट त्याच्याशीच व्हायला हवा.

नवशिकी

त्याने पान कपाळाला चिकटवलं तर?

कानसेन

'टिंग'!

वक्ररेषा

वा, नवशिकी. हाच. दार पानाला ओळखतं, माणसाला नाही. मग माणसाने पान व्हायचं. पण त्यासाठी पहिल्या शॉटपासून पायरीवर दोन-चार पानं पडलेली दिसली पाहिजेत. शेवटी अचानक पान कुठून आलं असं वाटलं की मजा गेली.

जुनाखोडरबर

आत गेला, संपलं, असं करू नका. दार उघडतं. माणूस छाती काढून, बॅग पुढे धरून निघतो. बॅग उंबऱ्याच्या आत जाते, आणि आतून एसीचा झोत येतो. पान कपाळावरून सुटतं, त्याच्या डोक्यावरून बाहेर उडतं. बॅग हातातून सुटून आत. दार ४ फ्रेममध्ये बंद, त्याच्या नाकासमोर. मग ते पान भिरभिरत परत येतं. 'टिंग'. दार अदबीने उघडतं, पान आत जाऊन बॅगेवर टेकतं, दार बंद. माणूस बघतोय. कापा.

त्याच्या चेहऱ्यावर जास्त रेंगाळू नका. मिशीची टोकं खाली जायला जितका वेळ लागेल तितकाच.

निमूट

हसू आवरत नाहीये. हाच शेवट. नवशिकी, श्रेयनामावलीत नाव पक्कं.

तांत्रिक अडचण: पान कपाळावर चिकटून फिरतं आणि मग सुटतं. हे कसं करायचं? आणि पानाचं उडणं, त्यासाठी विंड सिम्युलेशन लागेल का?

वक्ररेषा

सिम्युलेशन नको. सिम्युलेशनला विनोद कळत नाही, पान त्याला हवं तेव्हा पडेल. हाताने करा. एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी रिकामी वस्तू) घ्या, तिला वाट द्या. पान त्या एम्प्टीला जोडा आणि त्याचं फक्त फिरणं वेगळं अ‍ॅनिमेट करा. फिरण्याच्या वक्ररेषेवर नॉइज मॉडिफायर टाकला की फडफड फुकटात मिळते.

चिकटण्यासाठी 'चाइल्ड ऑफ' कन्स्ट्रेंट (एक वस्तू दुसरीला बांधायची सोय), लक्ष्य डोक्याचं हाड, 'सेट इन्व्हर्स' दाबायला विसरू नका, नाहीतर पान भलतीकडे उडी मारतं. प्रभाव एका फ्रेमला १, पुढच्या फ्रेमला ०, आणि त्या की चं इंटरपोलेशन कॉन्स्टंट (मधे सरकत न जाता बदल एकदम). सुटण्याच्या फ्रेमला पानाची जागा हाताने पुन्हा बसवून की द्या. याहून सोपं हवं असेल तर दोन पानं ठेवा: एक कपाळाला कायमचं जोडलेलं, एक उडणारं. सुटण्याच्या क्षणी एक लपवा, दुसरं दाखवा. लपवण्याची की मॉनिटरच्या चिन्हालाही द्या आणि कॅमेऱ्याच्या चिन्हालाही, डोळ्याच्या चिन्हाला की देता येत नाही. फक्त मॉनिटरला दिलीत तर रेंडरमध्ये दोन्ही पानं दिसतील.

निमूट

ब्लॉकिंग (मुख्य पोझ बसवणं) झालं. सगळ्या की कॉन्स्टंट ठेवल्या होत्या, पोझ टकाटक बदलायच्या आणि झकास दिसत होतं. बेझियरवर (पोझांमधला बदल सलग, गुळगुळीत) टाकलं आणि सगळा जीवच गेला. माणूस तरंगतोय.

वक्ररेषा

सगळ्यांचं होतं. टकाटक बदलताना प्रत्येक पोझ पूर्ण वेळ टिकत होती. बेझियरवर टाकल्यावर ती पोझ एका क्षणापुरती येते आणि लगेच पुढच्या पोझकडे निघते. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या पोझची की पुढे कॉपी करा: १ ला आणली तर १२ ला तीच पुन्हा, आणि पुढची पोझ १६ ला. बदल चारच फ्रेममध्ये होईल, बाकी वेळ थांबणं.

थांबताना माणसाला पूर्ण गोठवू नका. हाताने काढलेल्या चित्रात चालतं, थ्रीडीत माणूस मेल्यासारखा दिसतो. दुसऱ्या कॉपीत डोकं किंचित पुढे, मिशी किंचित खाली, एवढं पुरे. दार मात्र ठार गोठवा. समोरच्याची चुळबुळ आणि याचं गोठणं, यातच त्याचा माज आहे.

उंटावरचा

रेंडर सायकल्सने (ब्लेंडरचं सावकाश पण खऱ्यासारखं रेंडर इंजिन) करा हो, काचेत प्रतिबिंब कसलं सुंदर येतं.

वक्ररेषा

हिशोब करू. १०० सेकंद गुणिले २४ म्हणजे २४०० फ्रेम. काच, प्रतिबिंब, स्वच्छ सायकल्स, या लॅपटॉपवर फ्रेमला ५ मिनिटं धरली तरी २०० तास. आठ दिवस आणि वर आठ तास, अखंड. ईव्हीमध्ये (ब्लेंडरचंच झटपट रेंडर इंजिन) फ्रेमला २० सेकंद लागली तर १३ तास २० मिनिटं. रात्री लावलं, दुसऱ्या दिवशी हातात. मुळात चूक दिसल्यावर पुन्हा रेंडर करायची हिंमत कोणत्या आकड्यात राहील, ते बघा. 'फ्लो' अख्खी ईव्हीत झाली आहे.

काच तर मी काढूनच टाकेन. दुधी काचेचा आभास हवा, तर साधं अपारदर्शक मटेरियल, आतून उजेड असल्यासारखा फिकट ग्रेडियंट. फायदा असा की आतलं ऑफिसच बांधावं लागत नाही. दार उघडल्यावर दिसेल तेवढी एक भिंत आणि फरशी.

जुनाखोडरबर

आणि थेट व्हिडिओत रेंडर करू नका. पीएनजीची मालिका काढा. मध्येच वीज गेली तर व्हिडिओची फाइल जाते, पीएनजी मात्र झालेल्या तेवढ्या राहतात. आउटपुटमध्ये 'ओव्हरराइट' बंद ठेवा, पुन्हा सुरू केलं की असलेल्या फ्रेम सोडून पुढे जातं. मात्र वीज गेली त्या क्षणीची शेवटची फाइल अर्धवट असू शकते, ती पुसून मग सुरू करा. आधी एकदा ५० टक्के आकारात अख्खी फिल्म काढा, पिक्सेल पावच लागतात.

निमूट

रंगांचं एक विचारायचं राहिलं. दाराच्या सेन्सरचा लाल मी भडक दिलाय, रेंडरमध्ये विटकरी येतो.

वक्ररेषा

ब्लेंडर ४.० पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रंग पडद्यावर कसे उतरवायचे ते ठरवणारी सेटिंग) मुळात एजीएक्स असतो. तो भडक रंगांना निवळवतो, खऱ्यासारख्या प्रकाशाला ते शोभतं. तुमचं काम कार्टूनचं, 'स्टँडर्ड' करून बघा. फक्त त्यात उजेड जास्त झाला की पांढरे डाग पडतात, दिवे जरा उतरवावे लागतील.

निमूट

५० टक्क्यांची प्रत तयार. आधी १२ शॉट होते, आता ७. उड्या मारण्याचे दोन शॉट गेले, कानसेन म्हणाले तसं एक दार पडद्याबाहेर ठेवलं. लांबी ८८ सेकंद. दुवा व्यक्तिगत निरोपात पाठवलाय सगळ्यांना.

पण आता मलाच काही विनोदी वाटेनासं झालंय. शेवटचा विराम लांबवू का?

जुनाखोडरबर

काहीही लांबवू नका. इतक्या वेळा बघून कोणालाच हसू येत नाही. ठोकळ्यांवर घरचे हसले होते, तेव्हाचे आकडे अ‍ॅनिमॅटिकमध्ये आहेत, ते खरे धरा. शंकाच असेल तर ज्याने अजून बघितली नाही अशा एकाला दाखवा.

कानसेन

पाहिली. शेपटीला मोठ्याने हसलो. पान बॅगेवर टेकतं तिथला आवाज काढून टाका, वाळकं पान एवढं वाजत नाही. तिथे फक्त खोलीचा घुमारा, आणि मग 'ठप'.

वक्ररेषा

पाहिली. शॉट ४ मध्ये दार आपटल्यावर मिशी ३ फ्रेम उशिरा हलू द्या, आत्ता दाराबरोबरच हलतेय. शॉट ६ मध्ये डावा बूट कोटातून बाहेर येतोय, फ्रेम ३१ च्या आसपास. बाकी १९२०×१०८० ला लावा रेंडर.

उंटावरचा

दाराला श्रेयनामावलीत पहिलं नाव द्या. माणसाचं नंतर.